सात मीटरला कसली आलीय बॉयन्सी? – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. प्रतिक्रिया एवढी सविस्तर आणि बऱ्यापैकी रागात लिहिलीत त्याबद्दल आधी थँक्यू, नुसतं "छान लेख" वाचून आपण काय चुकलो ते कळत नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की हुका डायव्हिंगच्या (पाठीवर सिलेंडर नाही, वरच्या कॉम्प्रेसरमधून होजने, म्हणजे नळीने, हवा घ्यायची) लेखात मी नवख्यांना उगाच घाबरवलंय. सहा-सात मीटरला बीसीडी (हवा भरून बॉयन्सी, म्हणजे तरंगणं, कमीजास्त करायचं जॅकेट) आणि अडचणीसाठीचा छोटा सिलेंडर कशाला, कंबरेच्या वजनाच्या बेल्टला चार किलो जास्तीचे बांधले की माणूस तळाला घट्ट बसतो, काम होतं, आणि कॉम्प्रेसर बंद पडलाच तर बेल्ट सोडायचा आणि वर यायचं. शिवाय "सिलेंडर नाही म्हणून डाइव्हभर वजन बदलत नाही हे तुम्हीच लिहिलंय" असं म्हणून माझंच वाक्य माझ्या अंगावर टाकलंत.

ते वाक्य अर्धवट होतं, कबूल. स्कूबात अकरा-एक लिटरच्या ॲल्युमिनियम सिलेंडरमध्ये दोन किलोहून जास्त हवा भरलेली असते, ती श्वासात संपत जाते तसा माणूस हलका होत जातो, आणि हुकात हे होत नाही, इथपर्यंत बरोबर. पण वेटसूटमध्ये जे बारीक बुडबुडे असतात ते दाबाखाली चेपतात, 10 मीटरला त्यातली हवा जवळजवळ निम्म्या जागेत मावते, म्हणजे वरती तुम्हाला तरंगवणारा सूट खाली गेल्यावर हात वर करतो. म्हणजे वजन वेळेनुसार बदलत नाही पण खोलीनुसार बदलतं, असं लिहायला हवं होतं. आणि स्कूबातून हुकाकडे येणाऱ्यांनी जुना बेल्ट तसाच बांधू नये हेही राहिलं. रिकामा ॲल्युमिनियमचा सिलेंडर तरंगतो, त्याला दाबून ठेवायला लावलेले किलो आता काढायला लागतात. स्टीलचा वापरत असाल तर बऱ्याचदा हिशोब उलटा, काढायच्या ऐवजी घालायला लागतात. गोड्या पाण्यातून समुद्रात गेलात तर सामानासकट 100 किलोच्या माणसाला आणखी अडीच किलोच्या आसपास लागतात. सांगायचं काय तर दर वेळी नव्याने तपासायचं.

आता तुमचे ते चार किलो. लाटेच्या ओढीत तळाला बसून काम करायचं असेल तर थोडं जास्त वजन लागतं, मीही बांधतो, त्यात वाद नाही. माझा प्रश्न एवढाच की हवा थांबल्यावर ते वर कोण नेणार?

कारण हवा थांबलीय हे कधी कळतं? श्वास घ्यायला जाल तेव्हा. म्हणजे नुकताच सोडून झालेला असतो, छाती रिकामी. फुफ्फुसातली एक लिटर हवा म्हणजे साधारण एक किलोची उचल, ती नेमकी त्या क्षणी नाही. म्हणजे चार किलो तुमचे हौसेचे, एखाद-दोन किलो चेपलेल्या सूटचे, वर हे रिकाम्या छातीचे. अख्ख्या डाइव्हमध्ये तुम्ही सगळ्यात जड असता तो हाच क्षण, आणि पाय मारायला लागणारी हवाही तेव्हाच नसते. हुकात बॉयन्सी आणि हवा हे दोन वेगळे विषय नाहीत हो, मला तेवढंच सांगायचं होतं, लेखात कदाचित नीट आलं नाही.

"कॉम्प्रेसरच्या टाकीत थोडी हवा उरते" असंही म्हणालात. उरते की. 10 लिटरची टाकी, 8 बारला भरलेली, तुम्ही 10 मीटरला, शांतपणे, पाण्याबाहेरच्या हिशोबाने, मिनिटाला 20 लिटर घेणारे, म्हणजे तिथे दुप्पट दाबाला 40. कागदावर पावणेदोन मिनिटं येतात, त्यातही शेवटची हवा तोंडात धरायचा रेग्युलेटर धड देत नाही. घाबरलेला माणूस कागदावरचा माणूस नसतो.

बेल्ट सोडायचा, बरोबर. मी आठ मीटरला हेच करायला गेलो होतो. कॉम्प्रेसरच्या इंजिनातलं पेट्रोल संपलं, वर जो लक्ष ठेवायला होता तो दुसरीकडे बघत होता (आणि पेट्रोल मीच मोजलं नव्हतं, त्याला काय बोलणार). बकल उघडलं, बेल्ट सुटला आणि हार्नेसच्या (होज अंगाला अडकवायच्या पट्ट्यांच्या) पायामधल्या पट्ट्यात अडकून लोंबकळत राहिला, कारण मी बेल्ट आधी बांधून वरून हार्नेस घातला होता. तसाच लोंबत्या बेल्टसकट पाय मारत वर आलो. तेव्हापासून हार्नेस आधी, होज हार्नेसला, आणि बेल्ट सगळ्यात शेवटी, सगळ्याच्या वरून.

आणि समजा बेल्ट पडला. मग उलटा प्रकार, तुम्ही बुचासारखे वर. "सात मीटर म्हणजे काहीच नाही" हे इथेच चुकतं. 30 वरून 20 मीटरला आलात तर हवा सव्वा-दीडपटीच्या मधे कुठेतरी फुगते, पण 7 वरून वर आलात तर 1.7 पट, म्हणजे सगळ्यात मोठी वाढ शेवटच्या त्याच मीटरांमध्ये होते जे तुम्ही मोजतही नाही. छाती भरून श्वास धरला असेल तर सव्वा मीटरवरूनही फुफ्फुस फाटू शकतं. छाती रिकामी वाटली तरी गळा उघडा ठेवायचा, बारीक "आऽऽ" करत यायचं.

छोट्या सिलेंडरबद्दल तुम्ही "आजकालची फॅडं" म्हणालात. 1860 च्या दशकात फ्रान्समध्ये रूकेरोल आणि देनेरूझ यांनी जे यंत्र केलं त्यात हवा वरून होजनेच यायची, तरी पाठीवर एक छोटी टाकी होती, होज सुटली तर थोडा वेळ तिच्यावर निघेल अशी. फॅड बरंच जुनं आहे. बीसीडीही मी याच सिलेंडरवर जोडतो, हुकाच्या होजवर नाही, नाहीतर हवा जाईल तेव्हा दोन्ही एकदम जाणार.

एका टी-जॉइंटवर (एका होजचे दोन फाटे) दोघं उतरता म्हणालात म्हणून एकच: हवा कमी पडायला लागली की वरच्याला आधी मिळते, खालचा उपाशी. त्यामुळे दोघं एकाच खोलीवर. आणि हवा संपत नाही म्हणून तासन् तास खाली राहायचं नाही, किती खोलीला किती वेळ राहायचं ते सांगणारी डायव्हिंगची टेबलं हुकालाही लागू आहेत, 18 मीटरला तासाभराच्या आसपास मर्यादा येते. इंजिनाचा धूर हवेच्या तोंडाकडे जातोय का हे तर तुम्ही बघत असालच, वारा फिरला की परत बघा.

राहिलं "मग नेमके किती किलो ते सांगा". आकडा मी सांगणार नाही, तुमचा सूट मी पाहिलेला नाही. सगळं सामान घालून उथळ पाण्यात तोंडात रेग्युलेटर धरून उभे तरंगा, साधा श्वास धरला की पाणी डोळ्यांपर्यंत आलं पाहिजे आणि सोडला की हळूहळू खाली जायला पाहिजे. त्यावर कामापुरतं काय घालायचं ते घाला, पण घातल्यावर तळाला एकदा छाती रिकामी करून, बेल्ट न सोडता नुसत्या फिन्सवर उठता येतंय का बघा, वर कुणीतरी लक्ष ठेवून असताना. आणि बेल्ट आधी बांधता की हार्नेस, तेवढं खाली लिहा.