गोळी सुटण्याआधी घेतलेले निर्णय

अमेरिकेतील पोलीस आणि वर्णभेद या विषयावरचा एक मजकूर मराठी वाचकांमध्ये गेली काही वर्षे अधूनमधून फिरत असतो. शब्द थोडे बदलतात, म्हणणे मात्र ठरलेले असते. अमेरिकी पोलिसांच्या गोळीने कृष्णवर्णीयांपेक्षा गोरे अधिक मरतात. हार्वर्डमधील एका कृष्णवर्णीय प्राध्यापकानेच गोळीबारात वर्णभेद नसल्याचे सिद्ध केले. गोळी झाडायची की नाही हे पोलिसाला डोळ्याचे पाते लवते न लवते तोच ठरवावे लागते, तेवढ्यात समोरच्याचा रंग कोण पाहणार. मेम्फिस शहरात टायरी निकोल्स या कृष्णवर्णीयाला मारणारे पोलीसही तर कृष्णवर्णीयच होते. आणि सुधारणांच्या नावाखाली पोलिसांचे हात बांधल्यामुळे २०२० मध्ये खून वाढले. यांपैकी बहुतेक विधानांत सत्याचा काही अंश आहे आणि म्हणूनच मजकूर चटकन पटतो. मात्र तो सारा वेळ बंदुकीच्या चापावरच्या बोटाकडे पाहत राहतो. पोलीस आणि नागरिक समोरासमोर आले ते कोणाच्या निर्णयामुळे, हा प्रश्न त्यात कुठेच येत नाही.

पहिले विधान आकडेवारीचे आहे आणि ते लवकर निकालात निघते. ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने २०१५ ते २०२४ या दहा वर्षांत पोलिसांच्या गोळीने झालेल्या प्रत्येक ज्ञात मृत्यूची नोंद ठेवली. वर्षाला सरासरी हजाराच्या आसपास माणसे अशी मेली आणि ज्यांचा वर्ण नोंदला गेला त्यांच्यात गोरे निम्म्याच्या आसपास होते, हे खरे आहे. परंतु कृष्णवर्णीयांची लोकसंख्या सुमारे १४ टक्के असताना मृतांमध्ये त्यांचा वाटा सुमारे चतुर्थांश होता. दरडोई हिशेब केला तर त्यांच्या मृत्यूचे प्रमाण गोऱ्यांच्या दुपटीहून अधिक भरते. बहुसंख्याकांतील मृतांचा आकडा मोठा असणे हे अंकगणित झाले, त्यातून समान वागणूक सिद्ध होत नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे. लोकसंख्येशी तुलना करणे पुरेसे नाही. पोलिसांशी ज्यांचा संबंध येतो त्यांच्याशी तुलना करायला हवी, असे म्हटले जाते. हाच आक्षेप आपल्याला हार्वर्डमधील त्या प्राध्यापकाच्या, म्हणजे रोलँड फ्रायर यांच्या अभ्यासाकडे नेतो.

फ्रायर यांचा निबंध २०१६ मध्ये प्रथम पुढे आला आणि २०१९ मध्ये नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ह्यूस्टनमधील नोंदींच्या आधारे, पोलिसांशी गाठ पडल्यानंतर गोळी झाडली जाण्याच्या शक्यतेत त्यांना वर्णानुसार फरक आढळला नाही. मजकूर इथे थांबतो, निबंध मात्र थांबत नाही. ढकलणे, भिंतीला टेकवून उभे करणे, बेड्या घालणे, शस्त्र रोखणे अशा बळाच्या बाबतीत त्याच निबंधाचा निष्कर्ष असा आहे की, कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक (लॅटिन अमेरिकी वंशाच्या) लोकांच्या वाट्याला ते येण्याची शक्यता पन्नास टक्क्यांहून अधिक जास्त असते आणि परिस्थितीचे इतर घटक जमेस धरले तरी हा फरक पूर्णपणे पुसला जात नाही. अर्धा निबंध फिरवायचा आणि त्याला पुरावा म्हणायचे, हे प्रामाणिकपणाचे नाही.

गोळीबारासंबंधीच्या अर्ध्या भागातही एक गोम आहे, ती नॉक्स, लोव आणि मुमोलो या संशोधकांनी २०२० मध्ये नेमकी दाखवली. पोलिसांच्या नोंदीत फक्त थांबवलेली माणसे असतात, त्यामुळे थांबवण्यातच पक्षपात असेल तर तो नोंदीतून दिसत नाही, उलट झाकला जातो. समजा, गंभीर संशयावरून १०० गोरे थांबवले आणि त्यांतील १० जणांवर बळ वापरले. तितक्याच गंभीर संशयावरून १०० कृष्णवर्णीय थांबवले, त्यांतही १० जणांवर बळ वापरले. पण त्याशिवाय आणखी १०० कृष्णवर्णीयांना किरकोळ कारणावरून हटकले आणि त्यांतील दोघांवर विनाकारण हात टाकला. आता प्रमाण काढा. गोऱ्यांचे १० टक्के, कृष्णवर्णीयांचे ६ टक्के. शंभर जणांना विनाकारण अडवले, दोघांना विनाकारण मारले, आणि कागदावर मात्र पोलीस कृष्णवर्णीयांशी अधिक सौम्य ठरले.

थांबवण्यातला पक्षपात हा काही केवळ तर्क नाही. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०११ ते २०१८ या काळातील सुमारे दहा कोटी वाहन-थांब्यांच्या नोंदी तपासल्या. अंधार पडल्यावर चालकाचा वर्ण बाहेरून सहज दिसत नाही, आणि नेमके तेव्हाच थांबवलेल्यांमधील कृष्णवर्णीय चालकांचा वाटा घटतो, असे त्यांना आढळले. मिसुरीतील फर्ग्युसन शहराबाबत अमेरिकी न्याय विभागाने मार्च २०१५ मध्ये अहवाल दिला. तिथे ६७ टक्के लोक कृष्णवर्णीय होते, पण वाहन-थांब्यांत त्यांचा वाटा ८५ टक्के आणि अटकेत ९३ टक्के होता. त्यांच्या गाडीची झडती घेतली जाण्याची शक्यता गोऱ्यांच्या दुपटीहून अधिक होती, आणि झडतीत बेकायदा वस्तू सापडण्याची शक्यता मात्र २६ टक्क्यांनी कमी. ज्यांच्याकडे कमी सापडते त्यांचीच झडती अधिक घेतली जात असेल, तर संशयाचा उंबरठा दोघांसाठी वेगळा ठेवलेला आहे, याखेरीज दुसरा अर्थ लावणे कठीण आहे. याच शहरात मायकल ब्राउन या कृष्णवर्णीय तरुणाचा बळी घेणाऱ्या ज्या गोळीबारावरून आंदोलन पेटले, त्या प्रकरणी संबंधित पोलिसावर खटला भरण्याइतका पुरावा नाही, असेही न्याय विभागाने त्याच दिवशी जाहीर केले होते. एका घटनेत पोलीस निर्दोष असू शकतो आणि त्याचे खाते दोषी असू शकते. आंदोलकांच्या बाजूने लिहिणाऱ्यांनीही पुष्कळदा ही बाब नजरेआड केली आहे.

आता मजकुराच्या गाभ्याकडे, म्हणजे डोळ्याचे पाते लवण्याच्या युक्तिवादाकडे येऊ. या युक्तिवादाला कायद्याचा आधार आहे. १९८९ च्या ‘ग्रॅहम विरुद्ध कॉनर’ या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, तणावाच्या आणि झपाट्याने बदलणाऱ्या परिस्थितीत पोलिसांना क्षणार्धात निर्णय घ्यावे लागतात, म्हणून त्यांचे मूल्यमापन घटनास्थळावरच्या समंजस अधिकाऱ्याच्या नजरेतून व्हावे. गंमत अशी की, त्या प्रकरणातच क्षणार्धाचा प्रश्न नव्हता. साखर उतरलेला एक मधुमेही माणूस संत्र्याच्या रसासाठी नॉर्थ कॅरोलायनातील एका दुकानात शिरला, लांब रांग पाहून लगेच बाहेर पडला आणि मित्राच्या गाडीत बसला. ही लगबग एका पोलिसाला संशयास्पद वाटली. त्याने गाडी थांबवली, आणखी पोलीस आले, बेड्या पडल्या, पाय मोडला. दुकानात काही घडलेच नव्हते, हे नंतर कळले. चौकशी करायला वेळ होता. तो वापरला गेला नाही.

क्लीव्हलँडमध्ये नोव्हेंबर २०१४ मध्ये तमीर राइस हा बारा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा खेळण्यातल्या पिस्तुलासह एका बागेत होता. पोलिसांची गाडी पोहोचल्यावर दोन सेकंदांच्या आत त्याला गोळी लागली. दोन सेकंदांत काय कळणार, हे बरोबरच आहे. परंतु दूरध्वनी करणाऱ्याने पिस्तूल बहुधा खोटे आहे आणि तो बहुधा अल्पवयीन आहे, असे सांगितले होते. ते गस्तीच्या पोलिसांपर्यंत पोहोचलेच नाही. गाडी आडोशाला, अंतर राखून उभी करण्याऐवजी थेट मुलाच्या पुढ्यात नेली गेली. म्हणजे ते दोन सेकंद परिस्थितीने लादलेले नव्हते, पोलिसांनी स्वतःवर ओढवून घेतले होते.

फिलांडो कास्टिल यांची २०१६ मधील घटना अधिक बोलकी आहे. मिनेसोटातील या शाळा-कर्मचाऱ्याला त्याआधीच्या तेरा वर्षांत वाहतुकीच्या किरकोळ कारणांवरून चाळीसहून अधिक वेळा थांबवले गेले होते. शेवटच्या वेळी थांबवण्यापूर्वी पोलिसाने बिनतारी संदेशात सांगितले की, चालक एका दरोड्यातील संशयितासारखा दिसतो, कारण त्याचे नाक रुंद आहे. कास्टिल यांना कारण सांगितले गेले ते गाडीच्या मागच्या दिव्याचे. आपल्याजवळ पिस्तूल असल्याचे त्यांनी आपणहून सांगितले, त्याचा परवानाही त्यांच्याकडे होता, आणि पुढच्या काही सेकंदांत त्यांच्यावर सात गोळ्या झाडल्या गेल्या. ज्युरीने त्या पोलिसाला निर्दोष ठरवले, कारण तिच्यापुढचा प्रश्न त्या सेकंदांपुरता होता. वर्ण मात्र नाकाच्या वर्णनातून आधीच, चांगला विचार करायला सवड असताना, निर्णयात शिरला होता.

रंग पाहून घेतलेला हा पहिला निर्णय आपल्यापासून फार दूर आहे, असेही समजू नये. फेब्रुवारी २०१५ मध्ये अलाबामातील मॅडिसन गावात गुजरातहून मुलाकडे आलेले एक वयस्क गृहस्थ घराजवळच्या रस्त्यावर फिरत होते. कोणीतरी सडपातळ कृष्णवर्णीय माणूस संशयास्पद रीतीने हिंडत असल्याचे पोलिसांना कळवले. त्या गृहस्थांना इंग्रजी येत नव्हते. पोलिसाने त्यांना जमिनीवर आपटले, पाठीच्या कण्याला इजा झाली आणि अंशतः पक्षाघात झाला. पुण्या-मुंबईहून, नागपूर-कोल्हापूरहून मुलांकडे सहा महिन्यांसाठी जाणारे आणि सकाळी एकटेच फेरफटका मारणारे कितीतरी आईवडील हा मजकूर निःशंकपणे पुढे पाठवत असतील, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

अमेरिकी सर्वोच्च न्यायालयानेही मे २०२५ मध्ये ‘बार्न्स विरुद्ध फेलिक्स’ या प्रकरणात केवळ शेवटचा क्षण पाहण्याची पद्धत एकमताने नाकारली. ह्यूस्टनजवळ थकलेल्या टोलवरून थांबवलेली गाडी पुढे सरकू लागताच पोलिसाने दाराच्या उंबऱ्यावर उडी घेतली आणि दोन गोळ्या झाडल्या. खालच्या न्यायालयाने गोळी झाडण्यापूर्वीचे दोन सेकंदच विचारात घेतले होते. संपूर्ण परिस्थिती पाहावी लागेल, असे न्यायमूर्ती एलेना केगन यांनी लिहिलेल्या निकालपत्रात म्हटले आहे. पोलिसाने स्वतःच धोका निर्माण केला असेल तर त्याचे काय, हा प्रश्न मात्र न्यायालयाने खुला ठेवला. आणि मिनियापोलिसमध्ये २०२० साली जॉर्ज फ्लॉइड यांच्या मानेवर पोलिसाचा गुडघा नऊ मिनिटे एकोणतीस सेकंद होता. तेवढ्या वेळात एका कनिष्ठ पोलिसाने त्यांना कुशीवर वळवावे का, असे दोनदा विचारलेही होते.

मेम्फिसचा मुद्दा थोडक्यात. जानेवारी २०२३ मध्ये टायरी निकोल्स यांना प्राणघातक मारहाण करणारे पाचही पोलीस कृष्णवर्णीय होते, हे खरे. कोणत्या वस्तीत विशेष पथक फिरवायचे, किरकोळ कारणांवरून किती गाड्या थांबवायच्या आणि कशाला शाबासकी द्यायची, हे खाते ठरवते. गणवेशातल्या माणसाच्या त्वचेमुळे ते बदलत नाही. शिकागोतील नोंदींवरून २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मात्र सारख्याच कामावर असलेले कृष्णवर्णीय पोलीस गोऱ्या सहकाऱ्यांपेक्षा कमी लोकांना थांबवतात आणि बळही कमी वापरतात, असे दिसले. म्हणजे पोलिसाच्या वर्णाने काहीच फरक पडत नाही, हेही बरोबर नाही, आणि त्याने सगळे मिटते, हेही नाही.

राहिला सुधारणांमुळे खून वाढल्याचा दावा. २०२० मध्ये अमेरिकेत खून सुमारे तीस टक्क्यांनी वाढले, पण ते पोलिसांच्या निधीला हात न लावलेल्या शहरांतही वाढले आणि ग्रामीण भागांतही. २०२४ मध्ये ते सुमारे पंधरा टक्क्यांनी घटले. ज्या मिनियापोलिसचे नाव यासाठी घेतले जाते, तिथल्या मतदारांनीच नोव्हेंबर २०२१ मध्ये पोलीस खाते बदलून नवी यंत्रणा उभारण्याचा प्रस्ताव फेटाळला. न्यूयॉर्कमध्ये २०११ साली ६,८५,७२४ लोकांना रस्त्यात अडवले गेले. न्यायालयाने २०१३ मध्ये ती पद्धत घटनाबाह्य ठरवल्यानंतर ही संख्या २०१७ पर्यंत सुमारे बारा हजारांवर आली, आणि खून ५१५ वरून २०१७ मध्ये २९२ वर उतरले. ओकलंडमध्ये तर उपाय हास्यास्पद वाटावा इतका साधा होता. ठोस माहितीच्या आधारे थांबवले का, असा एक प्रश्न पोलिसांच्या नोंद-अर्जात घातला. वर्षभरात थांबे सुमारे ३२,००० वरून १९,००० वर आले, कृष्णवर्णीयांचे थांबे ४३ टक्क्यांनी घटले आणि गुन्हे वाढले नाहीत. लिहून द्यायचे आहे म्हटल्यावर पोलीस थांबवण्याआधी विचार करू लागले.

सगळ्याच सुधारणा लागू पडतात असे नाही. सुप्त पूर्वग्रहांची जाणीव करून देणारे वर्ग न्यूयॉर्कच्या पोलिसांसाठी मोठ्या प्रमाणावर घेतले गेले, पण त्यांच्या रस्त्यावरच्या वर्तनात मोजता येईल असा बदल अभ्यासकांना दिसला नाही. माझ्या मते हे अपेक्षितच होते. मन बदलण्याच्या व्याख्यानापेक्षा कृती बदलणारा नियम अधिक काम करतो. लुइव्हिलमध्ये पोलिसांना अंतर राखणे, आडोसा घेणे, बोलून वेळ मिळवणे असे प्रत्यक्ष प्रशिक्षण दिले गेले, तेव्हा बळाचा वापर २८ टक्क्यांनी, नागरिकांच्या दुखापती २६ टक्क्यांनी आणि पोलिसांच्या स्वतःच्या दुखापती ३६ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. त्याच लुइव्हिलमध्ये मार्च २०२० मध्ये मध्यरात्रीच्या छाप्यात ब्रिओना टेलर ही कृष्णवर्णीय तरुणी मारली गेली. त्या छाप्याच्या वॉरंटसाठी खोटी माहिती देण्याच्या कटात सामील असल्याची कबुली एका माजी पोलीस कर्मचारी महिलेने २०२२ मध्ये न्यायालयात दिली. ते वॉरंट कोणी डोळ्याचे पाते लवता लवता लिहिलेले नव्हते.