खुलासा : स्प्रिंग कापून गाडी खाली घेतली तर तळ वाचत नाही

‘स्प्रिंगचे दोन वेढे कापा, गाडी खाली बसते आणि स्प्रिंग कडक झाल्यामुळे तळ घासत नाही,’ असा सल्ला सध्या फिरतो आहे. तो निम्माच खरा आहे. वेढे कमी झाले की स्प्रिंग कडक होते, हे बरोबर. पण शॉकॲब्सॉर्बर मूळ लांबीचाच राहतो. तो आधीच दबलेला असल्याने खड्ड्यात थेट बम्प स्टॉपवर, म्हणजे दाबाच्या शेवटी असलेल्या रबरी ठोकळ्यावर, आपटतो. गाडी जॅकवर उचलून बघा : चाक लोंबकळलं की कापलेली स्प्रिंग बैठकीत हाताने फिरवता येते. चालत्या गाडीत ती जागेवरून सरकली तर? आणि गॅसने कापली असेल, तर उष्णतेने पोलादाचं पाणीच उतरतं, म्हणजे त्याचा कणखरपणा जातो.

रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गोल गतिरोधक 10 सेंटीमीटर उंच, गाडी जाते त्या दिशेने 3.7 मीटर रुंद असतो. आपल्याकडचे कित्येक त्याहून उभे. इंजिनखालचा ऑइलचा चेंबर तिथेच फुटतो. ऑइल गळत असताना गाडी हाकत राहिलात, तर इंजिन जाम होतं.

खाली घ्यायचीच असेल तर त्या मॉडेलच्या लोअरिंग स्प्रिंग (मुळातच कमी उंचीसाठी बनवलेल्या) आणि जुळणारे शॉकॲब्सॉर्बर घ्या, नंतर चाकांची अलाइनमेंट करा. तळाची उंची मात्र पाच माणसं बसवूनच मोजा.