टाके निघाले, पण दादा बरा झाला नव्हता

दादाला विचारूनच हे लिहितेय.

गेल्या वर्षी जुलैत घोडबंदर रोडवर भर पावसात त्याची स्कूटर खड्ड्यात गेली. हेल्मेट होतं. पाच मिनिटं शुद्ध हरपली, कपाळाला सात टाके पडले, सीटी स्कॅन नॉर्मल. दोन दिवसांत घरी. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, "नशीब बलवत्तर, थोडक्यात निभावलं."

दसऱ्याच्या सुमाराला लेकाच्या हातून पेन्सिलींचा डबा पडला आणि दादा असा ओरडला की पोर कोपऱ्यात जाऊन बसलं. कुकरची शिट्टी सहन होईना, झोप उडाली, ऑफिसात हिशेब चुकायला लागले. आणि आम्ही? "आता बरा आहेस ना, मग मनावर घे जरा." हे वाक्य माझं आहे. एका रात्री तो वहिनीला म्हणाला, "मी नसलो तर तुमचं सोपं होईल." वहिनीचा फोन आला तेव्हा रात्रीचा एक वाजला होता.

मानसोपचारतज्ज्ञांकडे यायला तो तयार नव्हता. आपल्याकडे कुणाची टर उडवायची तर "याला ठाण्याला भरती करा" म्हणतात. इथलं मनोरुग्णालय १९०१ पासूनचं, तितकीच ती टिंगल जुनी असावी. ठाण्यातच वाढलेल्या माणसाला ती किती लागते, ते मी त्या दिवशी पाहिलं.

डॉक्टरांनी सुरुवातीलाच विचारलं, "डोक्याला कधी मार लागला होता?" आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. त्यांनी समजावलं ते असं: कपाळामागचा मेंदूचा भाग मनातल्या उर्मीला आवर घालतो. जोराच्या हिसक्याने मेंदूतले बारीक तंतू ताणले जातात, आणि साध्या सीटीत ते बऱ्याचदा दिसत नाही. आवर सुटतो, उदासी येते, त्यात डोकेदुखी, जागरण आणि नोकरीची धास्ती.

डेन्मार्कमध्ये १९८० ते २०१४ या काळातल्या ७० लाखांहून अधिक लोकांच्या नोंदी तपासल्या गेल्या. तो अभ्यास २०१८ मध्ये आला. डोक्याला मार लागून उपचार घेतलेल्यांत आत्महत्येचं प्रमाण वर्षाला लाखात सुमारे ४१, बाकीच्यांत २०. पहिले सहा महिने सर्वांत नाजूक. लाखात ४१ म्हणजे बहुतेकांवर ही वेळ येत नाही, हेही ध्यानात घ्या. पण धोका वाढतो, आणि तो "किरकोळ मार" म्हणून सोडून दिलेल्यांतही वाढतो.

दादाच्या डिस्चार्ज कार्डावर टाके काढायची तारीख होती. उलटी झाली, फिट आली तर लगेच या, असंही होतं. मनाबद्दल एक ओळ नव्हती. मला ती ओळ हवी आहे, मराठीत, आणि घरच्यांना वाचून दाखवलेली. "चिडचिड, निराशा, मरणाचे विचार आले तर हेही दुखापतीमुळे असू शकतं, या." फिटच्या काही गोळ्यांनीही काही जणांची मनःस्थिती बिघडते. गोळी परस्पर बंद करू नका, पण डॉक्टरांना सांगा.

आणि मरणाचे विचार येतात का, ते थेट विचारा. विचारल्याने असले विचार डोक्यात शिरत नाहीत; मला हीच भीती होती, म्हणून मी तीन महिने गप्प राहिले. रात्री-अपरात्री कुणी सुचलं नाही तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आहे, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलतात.

दादाचे उपचार चालू आहेत. शब्द अजून अडतात, कुकर लावताना वहिनी दार ओढून घेते. दर रविवारी मी फोन करते आणि तोच प्रश्न विचारते. परवा म्हणाला, "मंगळवारी आला होता विचार. तुझ्या वहिनीला उठवून सांगितलं. मग दोघांनी चहा घेतला."