सरदाराच्या घोट्यातली तार

पटावरच्या युद्धखेळांतले प्लॅस्टिकचे सैनिक जमवण्याचा आणि रंगवण्याचा नाद ज्यांना लागला आहे, त्यांना हे ठाऊक असते की लढाई कोणीही जिंको, पहिला बळी घोट्याचाच जातो. २८ मिलिमीटर उंचीचा सरदार, हातात त्याच्याहून लांब भाला, पाठीवर वाऱ्याने फुगलेला झगा, आणि हा सगळा डोलारा पेलायला जेमतेम २ मिलिमीटर जाडीचा एक घोटा. कारण दुसरा पाय मूर्तिकाराने आवेशाच्या भरात हवेत उचलून ठेवलेला असतो.

घोटा मोडला की सुपरग्लूचा थेंब टाकून मोकळे व्हावे, असे घरातल्या प्रत्येकाचे मत असते. हा गोंद हवेतल्या आणि पृष्ठभागावरच्या ओलाव्याने घट्ट होतो, आणि जुलै महिन्यात मुंबईत ओलाव्याला तोटा नाही. त्यामुळे पाय जागेवर नेईपर्यंत गोंद आपले काम उरकून बसलेला असतो, वर सांध्याभोवती पांढुरकी झाकही सोडतो. म्हणून नळी हवाबंद डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवायची आणि उघडण्यापूर्वी खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची. या नियमापायी आमच्या फ्रिजमध्ये दह्याशेजारी तो डबा असतो आणि त्यावर बायकोने लाल शाईने 'खाऊ नये' असे लिहिले आहे. बरे, इतके करूनही हा गोंद सरळ ओढ चांगली सोसतो, आडवा धक्का मात्र सोसत नाही, आणि शोकेस पुसणाऱ्या फडक्याचा धक्का नेमका आडवाच असतो.

प्लॅस्टिक सिमेंट हा निराळा प्रकार. तो पॉलिस्टायरीन या जातीचे प्लॅस्टिक विरघळवून दोन्ही तुकडे एकजीव करतो, पण त्यासाठी उघडे प्लॅस्टिक लागते. सांध्यावर रंग असला तर तो आधी खरवडावा लागतो, आणि खेळाच्या खोक्यातून आलेले बरेचसे मऊ सैनिक पीव्हीसी या निराळ्या प्लॅस्टिकचे असल्यामुळे ते त्याला जुमानतच नाहीत. आमचा सरदार पीव्हीसीचा निघाला. तेव्हा दोन्ही तुकड्यांना भोके पाडून घोट्यात तार घालणे आले.

गिरणीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले माझे सासरे म्हणाले, "जावईबापू, यू-पिन सरळ करून घाला." यू-पिनची तार साधारण १ मिलिमीटर जाड, २ मिलिमीटरच्या घोट्यात ती घातली तर दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा मिलिमीटर सरदार उरतो. शिवाय कापलेल्या टोकाचा मुलामा गेला की आपल्या खाऱ्या हवेत लोखंड गंजायला वेळ लागत नाही. पितळेची बारीक तार उत्तम, म्हणून नागदेवी स्ट्रीट गाठला. तिथला दुकानदार तार किलोवर विकत होता आणि मला हवी होती वीतभर. कशासाठी, असे त्याने विचारले तेव्हा मी सरळपणे सांगितले की घोटा जोडायचा आहे. त्याने माझ्या पायांकडे पाहिले आणि हलक्या आवाजात म्हणाला, "साहेब, त्यापेक्षा केईएमला दाखवा."

सोनारांच्या अवजारांच्या दुकानात पिन व्हाइस मिळाला, म्हणजे हाताने फिरवायचे ड्रिल. सासऱ्यांना भिंतीचे विजेचे ड्रिल आणायचे होते, पण त्या वेगाने प्लॅस्टिक तापून वितळते आणि बिट आत रुतते. हातड्रिलची गोल मूठ तळहातात टेकवायची, दोन बोटांनी दांडी सावकाश फिरवायची, की भोकातून केसाएवढा प्लॅस्टिकचा कुरळा काप वर येऊ लागतो. तो झटकायचा आणि पुन्हा फिरवायचे. त्याआधी कंपासच्या टोकाने खळगी पाडणे आवश्यक, नाहीतर बिट घसरते आणि पोटरीला भोक पडते.

भोक पाडणे त्यामानाने सोपे. खरी परीक्षा दोन भोके समोरासमोर आणण्याची. एका भोकाच्या तोंडाशी ओल्या रंगाचा ठिपका लावून दुसरा तुकडा त्यावर दाबला की जागा कळते, पण दिशा कळत नाही. पत्रिकेत छत्तीस गुण जुळावेत आणि प्रत्यक्ष भेटीत मंडळींनी एकमेकांकडे पाठ करून बसावे, तशी ही भोके वागतात. यावर शहाणा उपाय एकच: एक भोक मुद्दाम किंचित सैल पाडायचे, त्यात एपॉक्सी पुटी भरायची आणि ती कडक होण्यापूर्वी सरदाराला हवे तसे वळवून उभे करायचे. तार आधी कानशीने खरबरीत करावी, म्हणजे पकड चांगली बसते. ती कापताना मात्र कापलेला तुकडा गोळीसारखा उडतो, म्हणून डोळ्यांवर चष्मा हवा आणि कटरभोवती फडके हवे. आमच्याकडचा एक तुकडा सासूबाईंच्या निवडलेल्या तांदळात गेला, आणि त्या दिवशी तांदूळ पुन्हा निवडले गेले.

सरदार उभा राहिला. पुढच्याच साफसफाईत तो शोकेसमधून फरशीवर पडला, घोटा जराही हलला नाही आणि भाला मधोमध तुटला. भाल्याचा दांडा मिलिमीटरभरही जाड नाही, त्याला ०.३ मिलिमीटरचे बिट लागते आणि ते नुसत्या जोराच्या श्वासानेही मोडेल असे दिसते. मी भिंग शोधत असताना सासरे सरदाराला हातात घेऊन बराच वेळ न्याहाळत होते.

"जावईबापू," ते म्हणाले, "भाला राहू द्या. तहाला आलाय म्हणून सांगू."