दोन आकडे लिहायला तुमचं काय जातं?

सव्वादोन महिने झाले. माझी डाउनहिल सायकल, म्हणजे डोंगरउतारावरून वेगात खाली यायची, गॅलरीत उभी आहे, मागचा शॉकअप काढलेला, फ्रेमच्या पोटात नुसती पोकळी. गणपती होऊन गेले, पाऊस उघडला, पुण्याच्या टेकड्यांवरचा मुरूम मस्त बसलाय. याच आठ-दहा आठवड्यांची आम्ही वर्षभर वाट बघतो. नंतर माती सुटी होते आणि वळणावर चाक धरत नाही. आणि मी काय करतेय? रात्री एक-एक वाजेपर्यंत मोबाइलवर अनोळखी माणसांना विचारतेय, "दादा, या शॉकचा स्ट्रोक किती आहे?"

एकही माणूस सरळ उत्तर देत नाही. एकही!

मुळात झालं काय ते सांगते. ऑगस्टमध्ये एका उतारावर दगडांच्या तीन पायऱ्या लागोपाठ आल्या. नेहमीची वाट, डोळे मिटून उतरेन अशी. पहिल्या पायरीला मागचं चाक दाबलं गेलं आणि गोफणीतून दगड सुटावा तसं परत उसळलं. दुसरीला आणखी जोरात. तिसरीला मी हँडलवरून पुढे. खांदा आठवडाभर वर होत नव्हता. खाली आल्यावर शॉककडे बघितलं तर दांड्यावर तेलाचा चिकट थर, त्यात धूळ बसून काळी पेस्ट झालेली. पुसलं. क्रोमवर तिळाएवढा टवका उडालेला. नख फिरवलं तर नख अडकलं. संपलं तिथंच. ज्या दांड्यावर नख अडकतं तो दर दाबाला आतलं तेल अडवणारं सील कापत राहतो. तेल गेलं, रिबाउंड (दबलेल्या स्प्रिंगची उसळी आवरणारा भाग) गेला, उरली फक्त स्प्रिंग. आणि नुसत्या स्प्रिंगवर डाउनहिल करायचं म्हणजे हाडं मोडून घ्यायची.

फ्रेम मात्र ठणठणीत आहे. २०१२ची, जाड अॅल्युमिनियमची, एक तडा नाही, पिव्होटची (मागचा भाग हलतो त्या सांध्यांची) बेअरिंग मी स्वतः गेल्या वर्षी बदललीत. मग घ्यायचा परवडेल असा एक साधा शॉक, बसवायचा आणि निघायचं. एवढंच तर हवंय!

मापं घेतली. व्हर्नियर लावून, तीनदा. डोळ्यापासून डोळ्यापर्यंत (डोळे म्हणजे शॉकच्या दोन्ही टोकांची बोल्टची भोकं) २४१ मिलिमीटर, स्ट्रोक ७६. म्हणजे जुन्या इंची हिशोबातला साडेनऊ बाय तीन. हे काही दुर्मीळ माप नाही हो, एके काळी बऱ्याच डाउनहिल सायकलींना हाच लागायचा. शॉकला हे दोन आकडे असतातच. पहिला सांगतो तो फ्रेममध्ये बसेल का. दुसरा सांगतो तो किती दाबला जाईल. दुसरा चुकला आणि जास्त निघाला, तर पूर्ण दाबल्यावर मागचा टायर सीटखालच्या नळीवर आपटतो. वेगात. खडकांत. हा जिवाशी खेळ आहे, आणि विकणारे तो आकडा लिहितच नाहीत!

"२४० एमएम हेवी ड्यूटी." झालं यांचं वर्णन. स्ट्रोक? "ऑल माउंटन बाइक फिटिंग मॅडम." अहो, स्ट्रोक विचारला मी. "बेस्ट क्वालिटी मॅडम." डोळ्यातल्या बुशची रुंदी? "ब्लॅक कलर ॲव्हेलेबल." तळपायाची आग मस्तकात जाते. दुकानात पँट विकताना कंबर सांगतात, बूट विकताना नंबर सांगतात. आणि ज्याच्यावर माणूस डोंगरावरून खाली येणार त्या वस्तूचं माप सांगायला यांची जीभ झडते?

स्वस्तातल्या शॉकवर एक आकडा मात्र ठळक छापलेला असतो. ७५०, ८५०, १०००. पाउंड प्रति इंच, स्प्रिंगचा कडकपणा. जितका मोठा तितका भारी, असा समज करून द्यायचा. आता हिशोब बघा. माझ्या सायकलचा मागचा ट्रॅव्हल, म्हणजे मागचं चाक वरखाली होतं ते अंतर, २०० मिलिमीटर, स्ट्रोक ७६, म्हणजे साधारण २.६ पट. माझं वजन ५८ किलो, वर हेल्मेट, पॅड, पाणी. डाउनहिलला नुसतं बसल्यावर शॉक ३० टक्क्यांच्या आसपास दबला पाहिजे, तरच चाक खड्ड्यात उतरून जमीन धरतं. त्यासाठी मला ३००ची स्प्रिंग लागते. ८५०ची लावली तर तोच शॉक जेमतेम ११ टक्के दबेल. म्हणजे मागे लाकडाचा ओंडका बांधल्यासारखं. हे मला कसं ठाऊक? कारण वैतागून एक मागवला होता मी. आला. ७२ मिलिमीटर कमी लांबीचा होता, ती गोष्ट वेगळीच, पण हातात घेऊन गॅलरीच्या फरशीवर सगळं वजन टाकलं तरी हलेना. आत डॅम्पिंग (उसळी जिरवणारी यंत्रणा) नावाची गोष्टच नव्हती, ना तेल ना झडप. नुसती स्प्रिंग, तिला लाल रंग. परत पाठवायचा खर्च माझ्या माथी. पडलाय ड्रॉवरमध्ये.

"मग चांगल्या कंपनीचा घे ना." घेते की! पण २०१६च्या सुमाराला मोठ्या कंपन्यांनी मापंच बदलली. मेट्रिक आणलं. २४१ बाय ७६च्या जागी आता २५० बाय ७५, आणि ट्रनियन पद्धतीचा (एका टोकाला डोळ्याऐवजी दोन बाजूंनी बोल्ट) असेल तर २२५ बाय ७५. कारणं चांगली दिली होती, बुशिंगला जागा मिळते, शॉक टिकतो, मान्य. पण जुन्या फ्रेमवाल्यांनी काय करायचं? मला एका दुकानदाराने बिनदिक्कत सांगितलं, "नऊ मिलिमीटरनी काय होतंय, ठोकून बसेल." ठोकून? नऊ गुणिले २.६ करा. मागची बाजू दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त उचलली जाते, पुढच्या चाकाचा काटा अंशभर उभा होतो. उतारासाठी मुद्दाम झोपवलेली सायकल तुम्ही उभी करता आणि वर म्हणता काय होतंय! खाली मी येणार आहे, तू नाही.

जे एक-दोन शॉक मापात बसतात त्यांचं आणखी वेगळंच. किंमत बघून जीव जरा थंड होतो, मग कळतं की त्यात स्प्रिंग नाही. स्प्रिंग वेगळी. बरं, जुनी लावू म्हटलं तर आतला व्यास जुळत नाही, प्रत्येक कंपनीचा न्यारा. डोळ्यात घालायचे बुश आणि स्पेसर वेगळे. बाहेरून मागवायचं तर कुरिअरचं भाडं, त्यावर कस्टम ड्यूटी, त्यावर जीएसटी, त्यावर ड्यूटी भरून दिल्याची कुरिअरची स्वतःची फी. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. परवडणारा म्हणून निवडलेला शॉक दारात येईपर्यंत परवडणारा राहत नाही.

सेकंडहँडचा बाजार तर बोलूच नका. "फुल्ली सर्व्हिस्ड." कधी केली? कुणी केली? एका मोठ्या कंपनीच्याच सूचनेनुसार दर १२५ तासांनी किंवा वर्षातून एकदा शॉक उघडायचा असतो. इथं लोक सहा-सहा वर्षं न उघडता चालवतात, बाहेरून फडकं मारतात आणि सर्व्हिस्ड म्हणून विकतात. मी दांड्याचा जवळून फोटो मागते. फोटो येतो स्टिकरचा. पुन्हा मागते. पुन्हा स्टिकर, या वेळी दुसऱ्या बाजूचा. अरे, स्टिकरवर बसून उतरायचंय का मला?

आणि माझाच शॉक दुरुस्त का नाही होत? कारण दांडा मिळत नाही. एक दांडा, एक सील किट. इतकी जुनी किट आता कोण ठेवतो, म्हणाले. शॉकमध्ये नायट्रोजन भरायला सांगितलं तर एकाने टायरवाल्याकडे पाठवलं. तो पोरगा बिचारा तयार होता, पण त्याचं मशीन गाडीच्या टायरला तीस-पस्तीस पीएसआय भरतं, इथं दोनशेच्या आसपास लागतात. त्या पोराची काय चूक? चूक त्यांची, जे वस्तू विकतात आणि चार वर्षांनी तिचं नाव ऐकून खांदे उडवतात.

सगळ्यात जास्त डोक्यात जातं ते हे वाक्य: "ताई, एवढ्या जुन्यावर खर्च करण्यापेक्षा नवीनच घ्या." चार-पाच लाखांची सायकल! आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. तीन किलोपेक्षा जास्त वजनाची धडधाकट फ्रेम मी भंगारात द्यायची, का, तर वीतभर लांबीचा एक भाग कुणाला पुरवायचा नाही म्हणून?

या सगळ्या प्रकारात एकच माणूस मला माणसासारखा भेटला. भोसरीतले लेथवाले काका. आयुष्यात त्यांनी डाउनहिल सायकल पाहिली नव्हती. मी जुना बुश हातात दिला. त्यांनी चष्मा वर केला, मायक्रोमीटर काढला, मापलं आणि म्हणाले, "बावीस पॉइंट दोन. भोक आठचं. बरोबर?" बरोबर, काका. शंभर टक्के बरोबर. अर्ध्या तासात अॅल्युमिनियमचे दोन स्पेसर, कडा मोडलेल्या, बोल्ट हाताने सरकतो आणि खुळखुळत नाही. दीडशे रुपये घेतले. माप विचारल्यावर माप सांगणारा माणूस भेटला म्हणून रडू यायचं बाकी होतं मला.

माझं ठरलंय. फार बटणं नकोत. हाय-स्पीड, लो-स्पीड, लॉकआउट, काही नको. हवेचा तर नकोच. लांब उतारावर तापतो आणि दर पन्नास तासांनी एअर कॅन, म्हणजे हवेचा डबा, उघडत बसा. साधा कॉइल, म्हणजे स्प्रिंगचा, नीट चालणारा रिबाउंड, सील किट आजही मिळतं असा. २४१ बाय ७६. स्प्रिंग ३००ची. एवढं स्वच्छ लिहून काल रात्री पाचव्या विक्रेत्याला पाठवलं आणि म्हटलं, फक्त स्ट्रोक मोजून सांगा, दांड्याला पट्टी लावलीत तरी चालेल.

सकाळी उत्तर आलं. अंगठ्याचं चित्र.

त्या अंगठ्याने मी काय मोजू?