टेबलाच्या पायाखालचा फॉर्म

गेल्या महिन्यात उपासना संपल्यावर आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, एक फॉर्म वाटला. शंभरेक प्रश्न. प्रत्येकापुढे शून्य ते तीन यांतला एक आकडा टाकायचा, शेवटी बेरीज करायची, आणि ज्या रकान्यात सगळ्यांत जास्त गुण ते तुमचं कृपादान, म्हणजे देवाच्या आत्म्याने इतरांच्या सेवेसाठी दिलेलं दान. ‘लोकांसमोर बोलताना मला आनंद होतो.’ ‘मी प्रार्थना केल्यावर आजाऱ्याला आराम पडतो.’ (या प्रश्नापुढे तीन टाकणाऱ्या माणसाशी मला एकदा निवांत बसून बोलायचं आहे.) तरुण पोरं परीक्षेला बसल्यासारखी शेजारच्याच्या कागदात डोकावत होती.

माझ्या बाजूला मावशी होत्या. नात्यातल्या नाहीत, अख्ख्या मंडळीच्याच मावशी. त्यांनी दोन-तीन प्रश्न वाचले, चष्मा काढला आणि म्हणाल्या, “मला मेलीला काय येतंय रे? हे तुम्हा शिकलेल्यांचं काम.” मग फॉर्मची घडीवर घडी घालून तो समोरच्या टेबलाच्या पायाखाली सरकवला. ते टेबल कित्येक महिने डुगडुगत होतं. त्यावर प्रभुभोजनाचे, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीतल्या विधीचे, पेले मांडताना दर वेळी कुणाला तरी पाय धरून बसावं लागायचं.

तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. ‘माझं दान कोणतं?’ हा प्रश्न आपण भलत्याच माणसाला विचारतोय. मला विचारून काय कळणार? ज्यांच्यात मी राहतो त्यांना विचारा.

कृपादानांवरचा संदेश म्हटला की बायबलातल्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा 12वा अध्याय उघडतो. पण अध्याय पाडले गेले ते 13व्या शतकात. येशूचा प्रेषित पौल याने हे पत्र इ.स. 55च्या सुमारास इफिसहून पाठवलं, तेव्हा ते सलग वाचून दाखवलं गेलं असणार. तसं वाचलं की कृपादानांच्या लगेच आधी काय येतं? प्रभुभोजनाला जमल्यावरच्या जेवणाची तक्रार. करिंथ म्हणजे दोन बंदरांमधलं व्यापारी शहर. मंडळी जमायची घराघरांत, आणि त्या एका छपराखाली पैसेवालेही असायचे आणि गुलामही. कुणी आधीच खाऊनपिऊन झिंगलेला, कुणी उपाशीच. पौल त्यांना चांगलाच झापतो. आणि ते संपतं न संपतं तोच म्हणतो, आता आत्मिक दानांविषयी ऐका.

म्हणजे ज्या मंडळीत आत्म्याच्या प्रेरणेने न शिकलेल्या भाषा बोलणारे होते, भविष्यवाणी करणारे होते, तिथेच शेजारचा भाऊ उपाशी बसला होता आणि ते कुणाच्या लक्षात येत नव्हतं. लग्नात आपण ज्याचं मोठ्या हौसेने वाचन करतो तो प्रीतीचा 13वा अध्यायही याच भांडणाच्या मधोमध आहे. नवरा-नवरीचा तिथे काही संबंध नाही. मिरवणाऱ्यांना दिलेली ती समज आहे.

मूळ ग्रीक शब्द ‘खारिस्मा’, त्यात ‘खारिस’ म्हणजे कृपा. मराठीत कृपादान म्हटलं की ती कृपा शब्दातच दिसते, आणि दानही. तरी आपण त्याचं टॅलेंट करून टाकलं. टॅलेंट माझं असतं. दान दुसऱ्या कुणाचं तरी असतं, माझ्या हातून फक्त पुढे जातं. येशूचा शिष्य पेत्र याने तर दोनच भाग केले, कुणी बोलतो, कुणी सेवा करतो, आणि सगळ्यांनी कारभारी म्हणून ते वापरावं. पौलाच्या याद्या लांब आहेत, पण करिंथ, रोम आणि इफिस इथल्या मंडळ्यांना पाठवलेल्या या याद्या एकमेकींशी तंतोतंत जुळत नाहीत. म्हणजे तो नियमावली लिहीत नव्हता, सुचतील तशी उदाहरणं देत होता. आणि आपण त्यांचे रकाने पाडून बेरजा करतोय.

एक शब्द मला फार आवडतो. 12व्या अध्यायाच्या शेवटी व्यवस्था पाहणाऱ्यांचा उल्लेख आहे. तिथला ग्रीक शब्द जहाजाचं सुकाणू धरण्यावरून आलाय. बंदरावरच्या लोकांना तो लगेच कळला असेल. आमच्या मंडळीचे हिशेब पाहणारे काका आठवा. अर्पणाच्या नोटा सरळ करून, रबरबँड लावून, वहीत दोनदा मोजून लिहिणारे. कोणत्या घराचं पाकीट तीन महिने आलं नाही ते त्यांना माहीत असतं. पण वसुलीला जात नाहीत. नोकरी गेली का, हे बघायला जातात. हे मी ऐकीव सांगत नाही. माझी नोकरी गेली तेव्हा ते आले होते.

भाषा आणि चमत्कारांची दानं प्रेषितांबरोबर संपली की आजही आहेत, हा वाद मी इथे उकरणार नाही. दोन्हीकडची माणसं मला प्रिय आहेत आणि दोन्हीकडची कमेंटमध्ये भांडतात. मला फक्त 14वा अध्याय दाखवायचाय. दोघांनी, फार तर तिघांनी बोलावं, तेही पाळीपाळीने. अर्थ सांगणारा नसेल तर गप्प राहावं. संदेष्टे, म्हणजे देवाचा संदेश सांगणारे, बोलले की बाकीच्यांनी ते पारखावं.

पारखावं! हे आपण सोयीस्कर विसरलो.

आई शेवटच्या आजारात असताना आम्ही तिला एका तीन दिवसांच्या सभेला नेलं होतं. बाहेरून आलेल्या सेवकाने, म्हणजे प्रचारकाने, तिच्या डोक्यावर हात ठेवून माइकवर सांगितलं, ही बहीण वर्षाच्या आत याच व्यासपीठावर उभी राहून साक्ष देईल. टाळ्या झाल्या. आई रडली. आई पाच आठवड्यांनी गेली. तोवर तो सेवक दुसऱ्या कुठल्या शहरात दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर हात ठेवून उभा असेल. त्याला कोण पारखणार? पारखायला माणूस पुढच्या रविवारीही तिथेच असावा लागतो. वर, आमच्यातल्याच एकाने अंत्यविधीनंतर माझ्या खांद्यावर हात टाकून विचारलं, “विश्वास कुठे कमी पडला असेल?” त्याला मी अजून पूर्ण क्षमा केलेली नाही. प्रयत्न चालू आहे.

फिरत्या सेवकांचा प्रश्न फार जुना आहे. ‘दिदाखे’ नावाची सुरुवातीच्या मंडळ्यांची एक छोटी नियमपुस्तिका आहे. तिची हस्तलिखित प्रत 1873मध्ये कॉन्स्टँटिनोपलला सापडली. तिच्यात लिहिलंय की पाहुणा आलेला प्रेषित तीन दिवस राहिला तर तो खोटा. आत्म्याच्या नावाने ‘मला पैसे द्या’ म्हणाला तर ऐकू नका, पण दुसऱ्या गरजूंसाठी मागत असेल तर त्याला दोष देऊ नका. किती व्यवहारी माणसं होती ती!

आई गेल्यावर चौथ्या दिवशी मावशी आल्या. प्रार्थना केली नाही, वचनही सांगितलं नाही. थेट आईच्या खोलीत गेल्या. उशाशी औषधांच्या अर्धवट पट्ट्या पडल्या होत्या. मी त्या खोलीचं दारसुद्धा लावून घेत होतो. त्यांनी एकेक पट्टी उचलून पिशवीत भरली, पाण्याचा ग्लास विसळून पालथा घातला, चादर बदलली, खिडकी उघडली आणि बाहेर येऊन म्हणाल्या, “आता जा आत.” त्या रात्री मी पहिल्यांदा त्या खोलीत बसलो.

त्या फॉर्ममध्ये याला रकाना नाही.

पण एकत्र जीवनाचं मला फार गोड चित्रही रंगवायचं नाही. जवळ राहणारी माणसं चावतातही. आमच्याकडे निम्म्या चहाड्या ‘प्रार्थनेचा विषय’ म्हणूनच पसरतात. आणि ‘सेवेचं दान’ हे शब्द कानावर आले की मी सावध होतो, कारण ते नेमकं बायकांना आणि गरिबांनाच कसं काय मिळतं? खुर्च्या मांडणाऱ्याचं कौतुक करायचं आणि त्याला जन्मभर खुर्च्याच मांडायला लावायच्या, ही पण लबाडीच. करिंथच्याच किंख्रिया बंदरातल्या मंडळीची फीबी सेविका होती. तिच्यासाठी पौल रोमकरांना शिफारस लिहितो आणि ती पुष्कळांना साहाय्य करणारी होती असं सांगतो. सुवार्तिक फिलिप्पाच्या चारही मुली देवाचा संदेश देत. हे बायबलातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात छापलेलं आहे, मी पदरचं घातलेलं नाही.

मागे एका प्रार्थनासभेला वक्ताच आला नाही. वडीलमंडळ एकमेकांकडे बघत बसलं. मी म्हटलं, मावशी, तुम्ही बोला. नाही नाही म्हणत उठल्या. पाच मिनिटं बोलल्या, बायबलातल्या सगळं गमावलेल्या ईयोबाच्या मित्रांवर. “सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ भुईवर बसले, एक शब्द बोलले नाहीत. तिथपर्यंत त्यांचं बरोबर होतं. मग त्यांनी तोंड उघडलं.” एवढं बोलून बसल्या. पुढचा बराच वेळ खोलीत कुणी हललं नाही.

रविवारी फॉर्म गोळा केले. मोजताना एक कमी भरला. पाळकांनी व्यासपीठावरून दोनदा विचारलं. मावशी समोर बघत बसल्या होत्या, मी स्तोत्रसंहितेत डोकं घातलं. मग प्रभुभोजनाची तयारी सुरू झाली. पेले मांडणारा मुलगा सवयीने पाय धरायला खाली वाकला, टेबल हलवून पाहिलं, आणि तसाच उठला.