इरीची नाडी कशी पाहावी

2028 ची अमेरिकन निवडणूक बघता बघता येईल. तेव्हा सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'मी आधीच सांगितलं होतं' असं लिहायचं असेल तर तयारीला आत्ताच लागा. न्यूयॉर्क, कॅलिफोर्नियात वेळ घालवू नका, तिथला निकाल शेंबडं पोरही सांगतं. तुम्ही थेट इरीला जा.

पेनसिल्व्हेनियाच्या वायव्य टोकाला, इरी सरोवराच्या काठावर हे गाव आहे. 2020 च्या जनगणनेत लोकसंख्या भरली 94,831. 1960 मध्ये ती 1 लाख 38 हजारांवर होती. मधली माणसं कुठं गेली, हे विचारत बसू नका. तो विषय दर चार वर्षांनी ऑक्टोबरात निघतो आणि नोव्हेंबरात मिटतो.

गावाची आणि भोवतालच्या काउंटीची कीर्ती अशी, की 2008 पासून तिनं ज्याला कौल दिला तोच व्हाइट हाउसमध्ये गेला. ओबामा दोनदा, मग ट्रम्प, मग बायडन, मग पुन्हा ट्रम्प. 2016 मध्ये फरक दोन हजारांच्याही आत होता, 2020 मध्ये 1,417 मतांचा. एवढ्यात आमच्याकडे नगरसेवक पडतो. फक्त 2000 आणि 2004 ही दोन सालं तोंडातून काढू नका. त्या दोन्ही वेळी इरीकरांनी गोर आणि केरी यांना मतं दिली आणि राज्य केलं बुश यांनी. चुकलेली पत्रिका कुठला ज्योतिषी भिंतीवर लावतो?

उतरल्या उतरल्या डायनर गाठा. डायनर म्हणजे आपल्या एसटी स्टँडसमोरचं हॉटेल, फक्त मिसळीच्या जागी अंडी आणि कॉफी फुकटात पुन्हा भरून मिळते. काउंटरवर साठीचा, टोपी घातलेला, हाताला घट्टे पडलेला गृहस्थ दिसला की समजा, मतदार सापडला. त्याच्या आधी दारातून आलेली नर्स, शेजारच्या टेबलावरची शिक्षिका, बाहेर बस चालवणारी बाई यांनाही मत असतं म्हणतात, पण त्यांच्याकडे टोपी नसते.

हा गृहस्थ बहुधा लॉरेन्स पार्कच्या रेल्वे इंजिन कारखान्यात होता असं निघेल. कारखाना आधी जनरल इलेक्ट्रिकचा होता, 2019 मध्ये वॅबटेककडे गेला आणि नव्या मालकाच्या पहिल्याच दिवसांत नऊ दिवसांचा संप झाला. 2023 च्या उन्हाळ्यात आणखी एक, बराच लांबलेला. तुम्ही मान हलवत 'जागतिकीकरण' असं वहीत लिहून घ्या. मात्र तो 'तुम्ही कुठले?' असं विचारेल, तेव्हा सांभाळा. भारतातले म्हणालात की तो मढौऱ्याचं नाव काढण्याचा संभव आहे. बिहारमधलं हे गाव तुम्ही कधी ऐकलं नसेल, त्यानं ऐकलेलं असतं. त्याच कंपनीचा तिथंही इंजिनाचा कारखाना आहे, आपल्या रेल्वेच्या भागीदारीत. अशा वेळी कॉफी संपली म्हणून उठावं.

पूर्वेकडच्या जुन्या वस्त्यांत मात्र चुकूनही शिरू नका. भूतानमधून हाकललेले नेपाळीभाषक निर्वासित तिथं येऊन राहिले आहेत. दुकानात मसूरडाळ आणि मोहरीचं तेल मिळतं आणि गल्ल्यावरच्या काकांना तुमचं हिंदी तुमच्या इंग्रजीपेक्षा बरं वाटतं. यातले कित्येक आता नागरिक आहेत, मतं देतात. ते कोणाला देतात हे कळलं तर तुमचा अख्खा लेख बदलावा लागेल. कशाला तो व्याप?

नकाशा सोपा ठेवा. शहर डेमोक्रॅट, दक्षिणेकडची कॉरी, युनियन सिटी ही छोटी गावं नि शेतं रिपब्लिकन, आणि मधलं मिलक्रीक कुंपणावर. कुंपणावरच्याला भाव असतो हे आपल्याला कोणी शिकवायला नको, आपल्याकडे तर अख्खे आमदार कुंपणावर बसतात आणि हॉटेलात उतरतात. इरीकरांना हॉटेल मिळत नाही, पत्रकं मिळतात. काउंटीचा कारभारी म्हणून 2021 मध्ये रिपब्लिकन डेव्हिस निवडून आले आणि 2025 मध्ये त्यांना पाडून डेमोक्रॅट व्होगेल आल्या, हे मात्र लेखात घेऊ नका. रस्ते, पाणी, कर यांवर लोक काय बोलले ते त्यात दिसतं, आणि ते पाहायला परदेशी वाहिन्यांचे कॅमेरे येत नाहीत.

नेत्यांचं प्रेमही तोलून पाहा. 2020 च्या ऑक्टोबरात ट्रम्प इरीच्या विमानतळावरच्या सभेत सरळ म्हणाले होते, की करोना आला नसता तर मी इथं यायचं कारणच नव्हतं. इतकं प्रामाणिक भाषण मी तरी दुसरं ऐकलेलं नाही. 2024 ला ते पुन्हा आले, पंधरवड्यानं कमला हॅरिसही. दोघांनाही गाव फार आवडलं.

आणि निकालाच्या रात्री लवकर झोपा. पेनसिल्व्हेनियात टपाली मतांचे लिफाफे मतदानाच्या दिवशी सकाळी 7 च्या आधी उघडायचे नाहीत असा कायदा आहे. त्यामुळे रात्री जो पुढं दिसतो तो सकाळी मागं पडू शकतो. ग्रुपवर रात्रीच अभिनंदन टाकलेल्यांचे हाल 2020 मध्ये मी पाहिलेत. त्यातला एक मीच.

माझा भाचा तिथं शिकायला होता. 2024 च्या शरदात त्याच्याकडे दहा दिवस राहिलो. त्याला मत नाही, नागरिकत्व नाही, तरी पत्रपेटीत रोज चार-पाच गुळगुळीत रंगीत पत्रकं येत. वरच्या मजल्यावर घरमालकीण राहायची, सत्तरीची. ती आमची पत्रकंही मागून न्यायची. मला वाटलं, काय जागरूक बाई! एके दिवशी भाडं द्यायला वर गेलो, तर मांजराच्या मातीच्या ट्रेखाली ती ओळीनं अंथरलेली, एकाआड एक दोन्ही पक्षांची.

मी धीर करून विचारलं, 'मत कोणाला?' ती म्हणाली, 'आधी सांग, 2017 चा नाताळ माहितीय का तुला?' त्या एका दिवसात इरीत 34 इंच बर्फ पडला होता. तिच्या दारासमोरचा रस्ता कधी मोकळा झाला आणि कोणी केला, हे तिनं मला अर्धा तास सांगितलं.

खाली उतरून पाहिलं. गल्लीत प्रत्येक हिरवळीवर उमेदवारांच्या पाट्या उभ्या होत्या. तिच्या अंगणात एकच होती, बर्फ काढून देणाऱ्याची, फोन नंबरासकट. मी तो उतरवून घेतला, पण लेखात काही बसवता आला नाही.